उचललेला पाय खाली कधी ठेवायचा? पवित्रे बदलणारे पात्र शिकताना

मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये काही पात्रे अशी असतात की त्यांची उभे राहण्याची ढब बदलली की हातातल्या पॅडवरच्या सगळ्या बटणांचा अर्थच बदलतो. ज्या बटणाने मघाशी साधी लाथ निघत होती, त्याच बटणाने आता गिरकी निघते, आणि ज्या बटणावर बोट ठेवून आपण स्वतःला सुरक्षित समजत होतो, ते बटण आता काहीच करत नाही. या ढबीला खेळणारे ‘स्टान्स’ म्हणतात. आपल्याकडे कुस्तीच्या तालमीत आणि लाठीच्या आखाड्यात या गोष्टीला नेमका शब्द आधीपासूनच आहे, तो म्हणजे पवित्रा, आणि या लेखात मी तोच वापरणार आहे.

या विषयाकडे मी वळलो तो भाच्यामुळे. तो सिडकोत राहतो, अकरावीला आहे, आणि ‘टेक्कन ८’ घरी आल्यापासून त्याने ह्वारांग नावाच्या तायक्वांदो खेळाडूला धरून ठेवले आहे. दोन महिने रोज हरल्यावर तो एका रविवारी म्हणाला, “मामा, मला त्याच्या सगळ्या चाली पाठ आहेत, तरी मी मार का खातो?” मी स्वतः कॉलेजात असताना कॉलेज रोडजवळच्या एका गेम पार्लरमध्ये तासाच्या हिशोबाने ‘टेक्कन ३’ खेळलेला असल्यामुळे मला उत्तर येते असे मला वाटले. ते येत नव्हते. नीट उत्तर द्यायला मला बरेच आठवडे लागले, आणि त्याचा गाभा असा निघाला की चाली पाठ असणे आणि पवित्रा कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, किंबहुना पहिली कधीकधी दुसरीच्या आड येते.

आधी पवित्र्यांचे दोन प्रकार वेगळे करून ठेवू, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. काही पवित्रे राहण्याचे असतात. ‘स्ट्रीट फायटर’मधला म्हातारा मारेकरी गेन हे त्याचे चांगले उदाहरण आहे: ‘स्ट्रीट फायटर अल्फा २’ या १९९६ च्या गेममध्ये आणि पुढे ‘स्ट्रीट फायटर ४’मध्येही तिन्ही ठोशांची बटणे एकदम दाबली की तो एका शैलीत जातो आणि तिन्ही लाथांची दाबली की दुसऱ्या शैलीत, आणि दोन्हींत तो हवा तितका वेळ राहू शकतो, चालू शकतो, वार अडवू शकतो. दोन्ही त्याची घरेच आहेत. दुसरा प्रकार थांब्याचा. ह्वारांग एक पाय उचलून बगळ्यासारखा उभा राहतो, त्याला गेममध्ये फ्लेमिंगो म्हणतात. या अवस्थेत त्याला वार अडवता येत नाही. म्हणजे हा पवित्रा आपल्या सीबीएससारखा, मध्यवर्ती बसस्थानकासारखा आहे. तिथे आपण राहायला जात नाही, दुसरीकडे जाणारी गाडी पकडायला जातो, आणि कोणती गाडी पकडायची हे घरून निघतानाच ठरलेले असते. फलाटावर उभे राहून पाट्या वाचणाऱ्या माणसाचा खिसा कापला जातो.

ह्वारांगकडे हे दोन्ही प्रकार एकत्र आहेत आणि म्हणूनच तो शिकायला जड जातो. डावा पाय पुढे, उजवा पाय पुढे, डावा पाय उचललेला आणि उजवा पाय उचललेला, असे त्याचे चार पवित्रे आहेत. पहिल्या दोघांत तो राहू शकतो, उरलेल्या दोघांत त्याने फक्त थांबायचे असते. त्याच्या कित्येक लाथा अशा आहेत की त्या संपल्यावर तो सुरुवातीच्या पवित्र्यात परत येत नाही, दुसऱ्याच पवित्र्यात उतरतो. तो पहिल्यांदा ‘टेक्कन ३’मध्ये आला, तो गेम आर्केडमध्ये १९९७ साली आणि प्लेस्टेशनवर १९९८ साली निघाला. त्याच्याही आधी, १९९५ च्या ‘टेक्कन २’मध्ये, हाँगकाँगचा पोलीस लेई वुलाँग आला होता, ज्याच्याकडे साप, ड्रॅगन, वाघ, पँथर आणि करकोचा असे पाच प्राण्यांचे पवित्रे तर आहेतच, शिवाय दारू प्यायल्यासारखे झुलणे आणि चक्क जमिनीवर मुद्दाम आडवे पडणे हेही आहे. ‘टेक्कन ६’पासून आलेली झाफिना तीन पवित्रे वापरते. ‘मॉर्टल कॉम्बॅट : डेडली अलायन्स’ने २००२ मध्ये जवळजवळ सगळ्याच पात्रांना तीन-तीन शैली देऊन टाकल्या होत्या. माझ्या मते तो उदारपणा फसला, कारण सगळ्यांनाच पवित्रे मिळाले की पवित्र्याचे वेगळेपण उरत नाही.

आता मोजमापाकडे येऊ. हे नीट समजल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही, पण गणित चौथीच्या वरचे नाही.

या गेममध्ये चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते, आणि अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. ‘टेक्कन’मध्ये सर्वांत जलद ठोसा, ज्याला जॅब म्हणतात, तो साधारणपणे बटण दाबल्यापासून दहाव्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागात. डोळ्यांनी काही पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे बारा ते पंधरा फ्रेम. यातून निघणारा निष्कर्ष नवख्याला धक्का देणारा असतो: जॅब पाहून अडवणे कोणालाच शक्य नाही. जे चांगले खेळतात ते पाहून अडवत नाहीत, येणार हे ओळखून आधीच अडवून उभे असतात. कुस्तीत खडाखडी चालू असताना दोन्ही पैलवान एकमेकांच्या डोळ्यांकडे बघतात ते उगाच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वार अडवला गेल्यानंतर दोघांपैकी आधी कोण मोकळा होतो. समजा ह्वारांगने एक लाथ मारली, समोरच्याने ती अडवली, आणि त्या लाथेच्या शेवटी ह्वारांग पाय उचललेल्या पवित्र्यात गेला, आणि तो समोरच्यापेक्षा चार फ्रेम आधी मोकळा झाला. खेळणारे याला ‘प्लस चार’ म्हणतात. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक गेममध्ये आणि प्रत्येक सुधारित आवृत्तीत खरे आकडे वेगळे असतात. आता या पवित्र्यातून त्याच्याकडे तीन वार आहेत असे धरू. एक झटपट मधला वार, जो तेराव्या फ्रेमला लागतो. एक खालचा वार, जो अठराव्या फ्रेमला लागतो आणि उभ्याने अडवता येत नाही. आणि एक जोरदार मधला वार, जो विसाव्या फ्रेमला लागतो आणि वाकून बसलेल्याला हवेत उडवतो.

समोरचा घाबरला आणि त्याने जॅब मारला तर काय होईल ते पाहू. तो चार फ्रेम उशिरा मोकळा झाला, त्याला ठोशासाठी दहा फ्रेम हव्यात, म्हणजे त्याचा ठोसा चौदाव्या फ्रेमला पोहोचतो. आपला झटपट वार तेराव्या फ्रेमला पोहोचलेला असतो. एका फ्रेमने आपण जिंकलो. पण त्याच वेळी आपण खालचा वार काढला असता तर तो अठराव्या फ्रेमला पोहोचण्याआधीच चौदाव्याला आपल्या तोंडावर ठोसा बसला असता, आणि एका पायावर उभे असल्याने तो अडवण्याची सोयही नव्हती. म्हणजे आपला सर्वांत चतुर वाटणारा वार, ज्याच्यासाठी आपण पवित्र्यात गेलो, तो समोरचा बटण दाबत असेपर्यंत चालतच नाही. तो चालावा म्हणून आधी झटपट वाराने समोरच्याला दोन-तीनदा मार देऊन त्याचे बोट बटणावरून काढून घ्यावे लागते. एकदा तो हात आखडून नुसता अडवत उभा राहिला, की मग अठरा फ्रेमचा खालचा वार लागतो. तो लागू लागला की समोरचा वाकून बसू लागतो, आणि मग वीस फ्रेमचा वार त्याला उडवतो.

हा क्रम मी भाच्याला एका दिनदर्शिकेच्या पानामागे लिहून दाखवला तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. त्याला तिन्ही वार येत होते. तो रोज तिसऱ्यापासून सुरुवात करत होता.

याच हिशोबाची उलट बाजूही आहे. लाथ अडवली गेल्यावर आपण पवित्र्यात गेलो खरे, पण चार फ्रेम आधी मोकळे होण्याऐवजी तीन फ्रेम उशिरा मोकळे झालो असे धरा. आता आपला तेरा फ्रेमचा झटपट वार सोळाव्या फ्रेमला पोहोचतो आणि समोरच्याचा जॅब दहाव्याला. आपण अडवू शकत नाही, आणि त्याच्या आधी मारूही शकत नाही. याला पवित्रा म्हणू नये, याला उसनवारी म्हणावे. समोरचा विसरला असेल तोवर चालते. म्हणून कोणतेही नवीन पात्र हाती घेतले की पवित्र्यात नेणाऱ्या प्रत्येक वाराला एकच प्रश्न विचारायचा: अडवला गेला तर कोण आधी मोकळा होतो? ‘टेक्कन ८’च्या सराव विभागात हा आकडा पडद्यावरच दिसतो, त्यामुळे अंदाज बांधण्याची गरज नाही. भाच्याच्या आवडत्या प्रवेशांपैकी निम्मे या चाळणीत गळून गेले आणि त्याला त्याचे वाईटही वाटले, कारण दिसायला तेच सर्वांत देखणे होते.

पवित्रा वारात लपवणे

नवखा खेळाडू पवित्रा बदलतो तो मोकळ्या मैदानात, समोरच्यापासून हातभर अंतरावर, सगळ्यांना दिसेल असा. म्हणजे नुसता पाय उचलतो. या उचलण्यात वार नसतो, त्यामुळे समोरच्याला ते पाहायला आणि ठोसा मारायला निवांत वेळ मिळतो. लाठीच्या आखाड्यात ज्यांनी लहानपणी चार दिवस काढले असतील त्यांना हे चटकन समजेल, कारण तिथे पाय बदलतो तो लाठी फिरत असताना. समोरच्याचा डोळा लाठीच्या टोकाकडे असतो आणि तेवढ्यात खाली पावलांची जागा बदललेली असते. माझ्या आजोबांनी मला लाठीचे एवढेच धडे दिले होते, आणि त्यातला हाच एक माझ्या लक्षात राहिला आहे: लाठी थांबली की पाऊलही थांबले पाहिजे, एकट्या पावलाने फिरायचे नाही.

गेममध्येही चांगले खेळाडू जवळजवळ प्रत्येक वेळी वाराच्या शेपटीला धरूनच पवित्र्यात शिरतात. लेई वुलाँगची ठोशांची एक प्रसिद्ध माळ आहे. ती वेगवेगळ्या ठिकाणी तोडली की तो वेगवेगळ्या प्राण्याच्या पवित्र्यात जातो. म्हणजे समोरच्याला आधी माळ पुढे चालू राहणार की तुटणार हे ओळखावे लागते, आणि तुटली तर कोणत्या मण्यावर तुटली यावरून साप आला की वाघ आला हे ठरवावे लागते. पवित्रा हा वेगळा प्रश्न उरत नाही, तो आधीच्या प्रश्नात मिसळून जातो. लेईच्या पात्रात मला सर्वांत सुंदर वाटते ते हेच, आणि तो फार थोडे लोक खेळतात त्याचे कारणही तेच असावे.

इथे एक मानसशास्त्राचा नियम उपयोगी पडतो. विल्यम एडमंड हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दाखवले की माणसासमोरचे पर्याय वाढत गेले की त्याचा निर्णयाला लागणारा वेळही वाढत जातो, मात्र पर्याय दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होत नाही, तो टप्प्याटप्प्याने वाढतो. पवित्रे बदलणाऱ्या पात्राचा सगळा डौल या नियमावर उभा आहे, कारण समोरच्याला एकाच वेळी चार गोष्टींचा विचार करावा लागतो आणि त्याचे बोट अडते. पण हाच नियम आपल्याही डोक्याला लागू आहे हे सोयीस्करपणे विसरले जाते. पवित्र्यात शिरल्यावर ‘आता काय करू’ असा विचार जो करतो, त्याने समोरच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात स्वतःच उडी घेतलेली असते. कसारा घाट उतरणारा ट्रकचालक खालचा गिअर उतार सुरू होण्याआधी टाकतो, उतारावर नव्हे. तसेच इथे, पवित्र्यात शिरणारी लाथ हवेत असतानाच पुढचा वार ठरलेला असला पाहिजे. तो चुकीचा ठरला तरी चालेल. ठरलेलाच नसेल तर मात्र चालणार नाही.

म्हणूनच मी भाच्याला सांगितले की प्रत्येक पवित्र्यातून सध्या दोनच वार ठेव, बाकीचे विसर. त्याने दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले.

छाती दिसते की पाठ

ह्वारांगच्या बाबतीत एक अडचण अशी आहे जिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही, आणि ती म्हणजे घाईत आपल्यालाच कळत नाही की सध्या कोणता पाय पुढे आहे. डावा पुढे असताना आणि उजवा पुढे असताना तेच बटण वेगळी लाथ काढते, त्यामुळे हा विसर महागात पडतो. त्याच्या पायाकडे बघावे तर नजर समोरच्यावरून हटते आणि तेवढ्यात मार बसतो.

सरावात आम्हाला यावर एक साधी खूण सापडली. गेम बाजूने दाखवला जातो. आपले पात्र पडद्याच्या डावीकडे असेल आणि उजवीकडे तोंड करून उभे असेल, तर डावा पाय पुढे टाकल्यावर त्याचे अंग आपल्याकडे वळते आणि त्याची छाती दिसते. उजवा पाय पुढे असेल तर अंग पलीकडे वळते आणि पाठ दिसते. छाती आणि पाठ या पावलांपेक्षा कितीतरी मोठ्या गोष्टी आहेत, त्यामुळे नजर समोरच्यावर ठेवूनही त्या डोळ्यांच्या कडेला कळतात. मात्र दोघांनी जागा बदलली आणि आपले पात्र उजवीकडे गेले, की हिशोब उलटतो: आता डावा पाय पुढे असेल तर पाठ दिसते. खुर्चीतून उठून स्वतः डावा पाय पुढे टाकून आरशासमोर आडवे उभे राहिले की हे अर्ध्या मिनिटात पटते, आणि दुर्दैवाने मी हे घरात सगळ्यांसमोर करून दाखवले.

जागा बदलण्याचा हा मुद्दा सरावातही महत्त्वाचा आहे. बहुतेक जण नेहमी डावीकडूनच सराव करतात, कारण सराव सुरू होतो तेव्हा आपण डावीकडे असतो. खऱ्या सामन्यात निम्मा वेळ आपण उजवीकडे असतो, तिथे पुढे आणि मागे या दिशा पॅडवर उलटतात, आणि वर सांगितलेली छाती-पाठीची खूणही उलटते. बोटांना हे दोन वेगवेगळे विषय वाटतात. भाचा दोन्ही बाजूंनी सराव करताना तोंडाने ‘डावा, उजवा, वर, डावा’ असे पुटपुटतो. शेजारच्या खोलीतून ऐकणाऱ्याला त्याची कवायत चालली आहे असे वाटावे. पण त्याचा उपयोग होतो, कारण कोणत्या लाथेने पाय बदलतो आणि कोणत्या लाथेने बदलत नाही हे त्याला आता डोळ्यांऐवजी तोंडपाठ झालेल्या तालातून कळते.

सरावाची रचना आम्ही अशी केली. सराव विभागात समोरच्या पुतळ्याला आपण हालचाली शिकवून ठेवू शकतो आणि त्यांपैकी कोणतीही एक तो मनाला येईल तशी करील असे लावू शकतो. आमच्या पुतळ्याला आम्ही चार गोष्टी शिकवल्या: पवित्र्यात नेणारी लाथ अडवल्यावर लगेच जॅब मारणे, नुसते अडवत उभे राहणे, वाकून बसणे, आणि बाजूला पाऊल टाकणे. ‘टेक्कन’ हा त्रिमितीय गेम असल्याने हे चौथे उत्तर तिथे फार प्रभावी ठरते. सरळ रेषेत जाणारा वार बाजूला सरकलेल्या माणसाच्या शेजारून निघून जातो आणि आपली पाठ उघडी पडते. त्यासाठी आडवी झाडू मारल्यासारखी फिरणारी लाथ राखून ठेवावी लागते. मग वीस वेळा लाथ मारायची, वीस वेळा आधीच ठरवून पुढचा वार काढायचा, आणि किती वेळा आपला अंदाज बरोबर आला ते नव्हे, तर किती वेळा ठरवलेलाच वार निघाला ते पानावर लिहायचे. पहिल्या संध्याकाळी वीसपैकी नऊ. बाकी अकरा वेळा त्याने समोरचा काय करतो ते पाहून मध्येच मन बदलले होते, आणि मन बदलायला लागणारा वेळ त्याच्याकडे नव्हता.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित राहतो तो एक पर्याय, म्हणजे पवित्र्यात जाऊन काहीच न करता बाहेर येणे. लाथ अडवली गेली, पाय उचललेला आहे, समोरचा ठोसा मारत नाही, वाकत नाही, तो फक्त मागे सरकतो आहे. अशा वेळी पवित्र्यातला कोणताही वार हवेत जाईल आणि हवेत गेलेल्या वाराची शिक्षा अडवलेल्या वारापेक्षा मोठी असते. योग्य उत्तर एकच, ते म्हणजे पाय खाली ठेवणे, अडवणे आणि पुन्हा सुरुवात करणे. हे करायला नवख्याचे मन तयार होत नाही, कारण पाय उचलल्यावर काहीतरी झालेच पाहिजे असे त्याला वाटते. पण पाय खाली ठेवण्याचा आणखी एक फायदा असा होतो की समोरच्याला पुढच्या वेळी खात्रीच वाटत नाही. तो मागे सरकू लागला आणि आपण शांतपणे पाय खाली ठेवून दोन पावले पुढे गेलो, तर त्याने माघार घेऊन आपल्याला मैदान दिले एवढेच झाले, आणि ‘टेक्कन’मध्ये पाठीशी भिंत येणे ही त्याच्यासाठी चांगली बातमी नसते.

इथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो, कारण ती याच मुद्द्याची आहे. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका कॅफेत मित्रामित्रांनी मिळून छोटी स्पर्धा घेतली होती. शेवटच्या फेरीत माझे थोडे रक्त, म्हणजे पात्राची शिल्लक ताकद, उरले होते, समोरच्याचे त्याहून कमी होते, आणि मी नुसते अडवत उभा राहिलो असतो तर वेळ संपून जिंकलो असतो. मी पाय उचलला. का उचलला याचे उत्तर मला आजही देता येत नाही; मागे उभी असलेली मंडळी बघत होती एवढेच खरे. समोरच्या मुलाने एक जॅब मारला, साधा, दहा फ्रेमचा, आणि तेवढा पुरला. ‘टेक्कन’मध्ये काहीही न दाबता उभे राहिले तरी पात्र आपोआप वरचे आणि मधले वार अडवते, म्हणजे मी पॅड टेबलावर ठेवून चहा प्यायला गेलो असतो तरी तो ठोसा अडला असता.

याच्या उलट एक वेगळी फसवणूकही होते, आणि ती अधिक काळ टिकते. पवित्रे बदलणारे पात्र घेऊन ऑनलाइन खेळायला गेले की सुरुवातीला भराभर विजय मिळतात, कारण समोरच्यांपैकी बहुतेकांना या पात्राची माहितीच नसते. ‘टेक्कन ३’च्या दिवसांत आमच्या पार्लरमध्ये एडी गोर्डो घेऊन लाथांची दोन बटणे आलटून-पालटून बडवणारे पोरगे तासभर खुर्ची सोडत नसे, तसलाच हा प्रकार. कापोएरा ही ब्राझीलची युद्धकला खेळणारा एडीही उलटा हातावर उभा राहतो, खाली बसतो, त्याचे वार कुठून येतात हे कळत नाही, आणि आम्ही सगळे त्याला वैतागलो होतो. मग एक दिवस कुणाच्या तरी लक्षात आले की ठरावीक लाथेनंतर नुसता एक ठोसा मारला तरी तो गप्प होतो, आणि ती बातमी आठवडाभरात सगळीकडे पसरली. त्या पोराकडे दुसरे काहीच नव्हते. भाच्याचीही बढती एका पायरीपर्यंत झपाट्याने झाली आणि तिथे अडकली, कारण त्या पायरीवरच्या लोकांना जॅब कधी मारायचा हे ठाऊक होते. असे अज्ञानावर मिळालेले विजय मी हिशोबात धरू नयेत असे सुचवतो. त्यांतून आपल्याला आपल्या खेळाबद्दल काहीही कळत नाही. कळते ते पराभवांतून, आणि त्यातही नेमक्या जागेवरून. ‘टेक्कन ८’मध्ये जुना सामना पुन्हा लावून, हव्या त्या क्षणी थांबवून, तिथून स्वतः पॅड हाती घेता येते. हरलेल्या सामन्यात ज्या क्षणी पाय उचलला तिथे थांबायचे आणि विचारायचे की लाथ अडवली गेल्यावर आपण पुढे होतो की मागे, आणि पुढचा वार आधी ठरला होता की नव्हता. भाच्याच्या पहिल्या दहा पराभवांमध्ये या दोन प्रश्नांच्या पलीकडचे कारण आम्हाला फारच क्वचित सापडले.

कोणते पात्र निवडावे असे विचाराल तर पहिल्यांदाच शिकणाऱ्याने लेईकडे जाऊ नये असे माझे मत आहे. त्याचे इतके पवित्रे सांभाळताना वर सांगितलेला हिशोब मांडायला डोक्यात जागाच उरत नाही. राहण्याचे पवित्रे फार नसलेले आणि थांब्याचे एक-दोनच असलेले पात्र घ्यावे, किंवा ह्वारांगच घ्यायचा असेल तर पहिले पंधरा दिवस उजवा पाय पुढे असलेला त्याचा पवित्रा अस्तित्वातच नाही असे समजून खेळावे. भाच्याने तसे केले नाही, त्याला सगळे एकदम हवे होते, आणि त्या वयात ते ठीकही आहे.

दिनदर्शिकेचे ते पान अजून त्याच्या टेबलावर आहे. गेल्या रविवारी त्यावरचा आकडा वीसपैकी सतरा होता. त्याच्या खाली त्याने स्वतःहून दुसरा एक रकाना आखला आहे, ज्यात एका सामन्यात पाय किती वेळा उचलला आणि त्यांपैकी किती वेळा काहीही न करता खाली ठेवला हे तो लिहितो. पहिल्या ओळीत चोवीस आणि शून्य असे आहे. शेवटच्या ओळीत अकरा आणि चार.